धुराची हजेरी

सत्तर फूट लांब, सात फूट रुंद.
त्यातले पंचेचाळीस फूट कोळसा,
मग डिझेलची टाकी, गॅसचे सिलिंडर,
आणि उरल्यासुरल्यात मी.
रात्री आडवी झाले की एक कोपर या भिंतीला,
दुसरं त्या.
लोक विचारतात, कोंडल्यासारखं होत नाही?
होतं. गावात जाऊन
कोणाच्या सोफ्यावर बसावं लागतं, त्या दिवशी.

कालव्यावर घाई चालत नाही.
कुत्रं फिरवणारा म्हातारा काठावरून मला मागे टाकतो
आणि पुढच्या पुलाखाली थांबून पुन्हा टोपी उचलतो.
बांधलेल्या बोटींपाशी मी आणखी हळू होते,
नाहीतर त्यांच्या फळीवरल्या बशा बोलायला लागतात.

दार मी वाजवत नाही. धूर बघते.
धुराड्यावर नुसती हवा थरथरत असेल
तर कोळसा चांगला आहे, माणूस उठलंय.
पिवळा, जाड, पाण्यावर लोळणारा धूर
म्हणजे ओल्या फांद्या जाळतायत, पैसे संपलेत.
तिथे एक पोतं गुपचूप छपरावर ठेवायचं
आणि वहीत लिहायचं: उन्हाळ्यात बघू.
दुपारपर्यंत धूरच नसेल
तर इंजिन बंद करून कानोसा घ्यायचा.

जानेवारीत बर्फ बोटभर जाड होता.
ॲडर्लीची पाच लॉक्स
पाच विहिरींत उतरल्यासारखी उतरले,
आणि खाली, काचेच्या दुकानात बैल शिरावा
तशी माझी 'डॉर्कस' बर्फ फोडत निघाली.
वळणावर मेरिक थर्झबीची 'लिनेट'.
तिच्या धुराड्यावर
एक कावळा. निवांत.

तापलेल्या धुराड्यावर कावळा बसत नाही.

दोर हातात धरूनच उडी मारली.
हाक मारली, तर आवाज माझा वाटेना.

दार त्यानेच उघडलं.
कोट, मफलर, गुळगुळीत दाढी.
मागे शेगडी, राख काढून, काळं पॉलिश लावून
कोणाच्या लग्नाला निघाल्यासारखी.
"विकली," तो म्हणाला. "उद्या न्यायला येतायत.
पेटवली असती तर पुन्हा पुसावी लागली असती."

क्रू शहरात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळालीय.
लॉकच्या दारांशी चाललेलं भांडण
गुडघ्यांनी हार मानून मिटवलं.
भिंतीला रेडिएटर, आंघोळीला हवं तेवढं पाणी,
चौदा दिवस झाले, आता हला,
असं सांगायला कोणी येणार नाही.
आणि पत्ता! एकतीस वर्षांनी पत्ता.
दवाखान्यातली मुलगी म्हणे केवढी खूश झाली,
तो एक रकाना भरला म्हणून.

खिडकीतून काय दिसतं, मी विचारलं.
"खिडकी," तो म्हणाला. "समोरच्यांची.
काल होती तीच."

मग नेहमीसारखं पाकीट काढलं.
"एक पोतं."
अरे मेरिक, तिथे जाळणार कशात?
"जाळायचं कोण म्हणालं?"

पंचवीस किलो. त्याच्या दोन बॅगांशेजारी ठेवलं.
पैसे घ्यायचे नव्हते. त्याने घ्यायला लावले.

'लिनेट' मला मार्चमध्ये भेटली, ऑडलेमच्या खाली.
नवीन जोडपं, छपरावर कुंड्या, पिवळा धूर.
एक पोतं ठेवलं आणि पुढे गेले.

क्रूला मात्र मे उजाडला जायला.
जिने चढून दम लागला. दाराआड तेच पोतं,
तोंड बांधलेलं, वर घडी घातलेलं वर्तमानपत्र.
बूट घालायला बसतो म्हणे त्यावर.
खुर्ची होती. मी पोत्यावर बसले.
आत कोळसा खडखडत सरकला,
आणि मी जराशी कलले, डाव्या अंगाला.

मेरिक किटली हातात घेऊन बघत होता.
"बघ," म्हणाला, "झुकते."